फाळाची पारख



नांगर घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी रंग बघतो, मग किंमत विचारतो. रंग चार तासांतच उडतो. जमिनीशी खरी गाठ पडते ती फाळाची. म्हणून आज फाळाचीच थोडी हकिकत सांगतो.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम नावाचा कारखानदार होऊन गेला. त्या काळी बिडाचे फाळ लवकर झिजून बोथट होत. 1803 साली त्याने फाळ ओतण्याच्या नव्या रीतीचे पेटंट घेतले. साच्याचा खालचा भाग थंड लोखंडाचा आणि वरचा वाळूचा. त्यात बिडाचा रस ओतला की खालची बाजू झटकन गार होऊन फार कठीण बने. वरची सावकाश निवून मऊ राही. नांगरताना मऊ बाजू आधी झिजे नि खालची कठीण धार पुढे राही. म्हणजे फाळ चालता चालता स्वतःच धार धरी. पुढे 1808 साली त्याने सुटे भाग शेतातच बदलता येतील असा नांगर काढला.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा तेव्हा समज होता. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. समज खोटा होता, पण नवी वस्तू पारखून घ्यावी ही वृत्ती खोटी नव्हती. पारख मात्र कामावरून करायची असते, ऐकीव गोष्टींवरून नव्हे.

तेव्हा खरेदीच्या वेळी एवढे बघा :

1. फाळ टांगून हातोडीने हलकेच ठोका. आवाज खणखणीत यावा. बद्द आला तर आत चीर असू शकते.

2. धारेवर कानस फिरवून बघा. कानस घसरली तर धार कठीण आहे. सहज खाल्ली तर फाळ लवकर झिजेल.

3. अति कठीण बीड दगडावर आपटले की तुटते. रान खडकाळ असेल तर पाणी दिलेला पोलादी फाळच घ्या.

4. नांगर सपाट फरशीवर ठेवून एका डोळ्याने दांडा सरळ आहे का बघा. बोल्ट नीट आवळतात का, तेही पाहा.

5. फाळ नि बोल्ट जवळच्या बाजारात सुटे मिळतात का, हे आधी विचारा. पक्की पावती घ्या.

शेजाऱ्याकडे तोच नांगर असेल तर एक तास धरून बघा. त्याच्याइतका खरा सल्ला दुकानदार देणार नाही.

जमीन वाफशावर असताना फाळ मोडला तर नुसते फाळाचे पैसे जात नाहीत, वाफसाही जातो. आणि वाफसा काही दुकानात विकत मिळत नाही.