आईवरचा आळ : स्वमग्नतेच्या ओळखीचा इतिहास

शुभवर्तमानकार योहान नवव्या अध्यायाच्या आरंभी एक प्रसंग सांगतो. वाटेत एक जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य प्रभूला विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो. शिष्यांना उत्तर मिळाले, परंतु तो प्रश्न काही आपल्यातून गेला नाही. रविवारच्या मिस्साला एखादे पाच-सहा वर्षांचे मूल घंटा वाजताच कानांवर हात दाबून बाकाखाली शिरते, किंवा प्रवचन चालू असताना मधल्या वाटेने वेदीकडे धावत सुटते. माना वळतात, आधी मुलाकडे आणि लगेच त्याच्या आईकडे. ‘वळण लावले नाही’ हा निवाडा कोणी उच्चारत नाही. तरी त्या माउलीला तो ऐकू येतो आणि पुढच्या रविवारी ती घरीच राहते.

ह्या निवाड्यालाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकात तो मोठमोठ्या विद्वानांनी दिला होता आणि पुढे तो साफ खोटा ठरला. म्हणूनच तो इतिहास आमच्या वाचकांसमोर मांडावा असे आम्हांस वाटले.

‘ऑटिझम’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘स्वतः’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर ह्यांनी तो १९११ साली प्रौढांच्या वेगळ्याच एका मनोविकाराच्या संदर्भात वापरला. मुलांच्या बाबतीत पाहू जाता, ग्रुन्या सुखारेवा ह्या सोव्हिएत महिला डॉक्टरांनी १९२५ मध्येच अशा सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. परंतु त्याकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. जगाने ऐकला तो आवाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला. तेथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांतला पहिला मुलगा होता मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट ह्या लहानशा गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट.

डोनाल्डला माणसांपेक्षा गरगर फिरणाऱ्या वस्तूंचा लळा होता. ठरलेल्या क्रमात किंचित बदल झाला तरी तो आकांत करी. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी तो तीन वर्षांचा असताना त्याला दूरच्या एका संस्थेत ठेवले. परंतु घरी चैन पडेना. वर्षभराने, १९३८ मध्ये, तेथील डॉक्टरांचा सल्ला डावलून त्यांनी त्याला परत आणले. मग वडिलांनी त्याच्याविषयी तेहतीस पानांचे टिपण लिहून काढले आणि आईवडील त्याला घेऊन कॅनरांकडे गेले. स्वमग्नतेच्या आधुनिक इतिहासाचा पाया असा एका बापाच्या निरीक्षणावर उभा आहे. पुढे ह्याच आईबापांच्या वर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये डॉ. हान्स आस्पेर्गर अशाच मुलांवर काम करीत होते. त्यांचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. ते कॅथलिक होते, कॅथलिक युवक चळवळीत वाढलेले होते. विशेष मुलांचा कैवारी अशी त्यांची कीर्ती कित्येक दशके राहिली. परंतु २०१८ साली इतिहासकार हेर्विग चेक ह्यांनी जुनी दप्तरे तपासून दाखवून दिले, की व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ ह्या संस्थेत मुले पाठविण्यात आस्पेर्गरांचाही हात होता. नाझी राजवटीत त्या संस्थेत सुमारे ७८९ मुले दगावली. अनेकांना औषधे देऊन मारण्यात आले. जून १९४१ मध्ये, आजारपणानंतर मेंदूला इजा झालेल्या, तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलीची शिफारस आस्पेर्गरांनी तिकडे केली. ही मुलगी आईला असह्य भार होत असणार, असे कारण त्यांनी नोंदविले. सप्टेंबरात ती मरण पावली. येथेही मुलाच्या नशिबाचा निकाल लिहिताना आईचेच नाव पुढे करण्यात आले, हे आमच्या मनाला फार लागले.

त्याच उन्हाळ्यात, ३ ऑगस्ट १९४१ रोजी, जर्मनीतील म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन प्रवचनपीठावरून गरजले. ‘निरुपयोगी’ ठरवून रुग्णांना व अपंगांना मारणे हा खून आहे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्या प्रवचनाच्या प्रती हातोहाती पसरल्या आणि त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली; मात्र मुलांच्या हत्या गुपचूप चालूच राहिल्या. दोघेही एकाच ख्रिस्तसभेची लेकरे. श्रद्धा एक असली म्हणून धैर्य सारखे असतेच असे नाही, हे मान्य करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

युद्ध संपले आणि आळाचे दुसरे पर्व सुरू झाले. ही अवस्था जन्मजात आहे, असे कॅनरांनी आरंभी म्हटले होते. परंतु ह्या मुलांच्या घरी मायेचा ओलावा कमी आढळतो, अशीही पुस्ती त्यांनी जोडली होती, आणि १९४९ साली त्यांनी अशा घरांना शीतकपाटाची उपमा दिली. त्यातून ‘शीतकपाटासारख्या आया’ हा क्रूर शब्दप्रयोग रूढ झाला. ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात ह्या मताला मोठीच प्रसिद्धी मिळवून दिली. आईच्या मनातून नकोशी झाल्यामुळे मूल स्वतःच्या कोशात शिरते, असा त्यांचा सिद्धान्त. किती मातांनी ह्या काळात स्वतःलाच गुन्हेगार मानून अश्रू ढाळले असतील, त्याची गणती कोण करणार?

हा आळ पुसण्यास पुढे आले ते पालकच. अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड ह्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले, की ह्या अवस्थेचे मूळ शरीररचनेत आहे, आईच्या मायेत नाही. १९६९ साली पालकांच्या मेळाव्यात खुद्द कॅनरांनी आईबापांना दोषमुक्त जाहीर केले. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन व मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. नमुना लहान होता, तरी आनुवंशिकतेचा वाटा त्यातून उघड झाला आणि पुढील संशोधनाने तो भक्कम केला.

लंडनच्या डॉ. लोर्ना विंग ह्याही एका स्वमग्न मुलीची आई. त्यांनी ज्युडिथ गूल्ड ह्यांच्यासह १९७९ साली केलेल्या पाहणीतून हे स्पष्ट झाले, की ही एक ठाम सीमारेषांची अवस्था नसून इंद्रधनुष्याच्या पट्ट्यासारखी अनेक छटांची आहे. कोणी जन्मभर शब्द बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे सबंध वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो. दोघांचीही जातकुळी एकच. आज ही व्यापक व्याख्याच सर्वमान्य आहे.

तरीही आळ मेला नाही, त्याने नवे रूप घेतले. १९९८ साली एका ब्रिटिश डॉक्टरने केवळ बारा मुलांच्या आधारे गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. आता लस टोचून घेणारी आई अपराधी ठरली! मोठमोठ्या पाहण्यांत तो संबंध आढळला नाही. २०१० साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही रद्द झाला.

आपल्या देशात १९९१ साली दिल्लीत मेरी बारुआ ह्या मातेने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभारली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. सरकारदरबारी जे मान्य झाले, ते धर्मग्रामात मान्य होणे मात्र आपल्या हाती आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. ह्या मुलांना ध्वनी, प्रकाश, स्पर्श आपल्याहून कितीतरी तीव्र जाणवू शकतात. आपल्या कानांना मंगल वाटणारी घंटा त्यांना वेदना देऊ शकते. म्हणून ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळची एक जागा त्या कुटुंबासाठी राखावी. अनपेक्षित बदलाने ती बावरतात. म्हणून मिस्साचा क्रम चित्रांतून आधी घरी दाखवावा. त्यांच्याशी थोडक्यात, सरळ शब्दांत बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी. नजरेला नजर देत नाही म्हणून प्रेम नाही, असे मानू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात शब्द न बोलणारे मूलही प्रार्थना करू शकते, ह्यावर शिक्षकांनी विश्वास ठेवावा. आणि त्या मातेला उपदेश करण्यापेक्षा तासभर तिचे मूल सांभाळावे.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरातील स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली. हे एकाकीपण व हा कलंक दूर करण्यास सर्वांनी झटावे, असे आवाहन त्यांनी त्या वेळी केले.

शेवटी डोनाल्डविषयी. तो १९५८ साली पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत नोकरीस लागला. गोल्फ खेळू लागला, मोटार चालवू लागला, एकटा देशोदेशी हिंडून आला. घर खाऊनपिऊन सुखी होते, त्याचा लाभ झालाच. परंतु त्याच्या गावाने त्याला आपले मानले, हेही तितकेच खरे. तो गावकऱ्यांना क्रमांक देई आणि ज्याचा क्रमांक त्याच्या कायम लक्षात राही. गावकरी त्याचा राग न मानता तो क्रमांक कौतुकाने मिरवीत. जून २०२३ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्याच गावात तो वारला.

ज्या मुलाला विसरून जा असे एकेकाळी आईला सांगण्यात आले, त्याला साऱ्या गावाने अखेरपर्यंत सांभाळले. पुढच्या रविवारी मिस्साला एखादे मूल कानांवर हात ठेवील, तेव्हा आपली मान त्याच्या आईकडे वळण्याआधी आपण बाकावर थोडे सरकावे आणि तिला जागा करून द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.