वृत्तपत्रांचा पक्ष आणि वृत्तपत्रांचें मौन

वृत्तपत्रें पक्षपाती असतात, ही तक्रार जितकी जुनी आहे तितकीच ती बहुधा एकांगीहि असते. तक्रार करणारा गृहस्थ आपल्या पक्षाच्या पत्रास सत्यवादी आणि प्रतिपक्षाच्या पत्रास विकलेलें समजतो. म्हणजे ज्या दोषाबद्दल तो संपादकास बोल लावतो, त्याच दोषाच्या चष्म्यांतून तो स्वतः वाचीत असतो. तेव्हां वृत्तपत्रें राजकीय दृष्ट्या पक्षपाती आहेत काय, या प्रश्नास नुसतें 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर देऊन भागण्यासारखें नाहीं. पक्षपात कोणकोणत्या वाटांनीं पत्रांत शिरतो आणि त्यांपैकीं कोणता समाजास अधिक घातक, याचा विचार आधीं केला पाहिजे. या विचारास लागणारी सामग्री आपल्या घरींच आहे. मराठी मुलुखांतील वृत्तपत्रांच्या पहिल्या शतकाचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला, तर या प्रश्नाचीं बहुतेक अंगें त्यांत सांपडतात.

मराठींतील पहिलें वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस काढलें व त्याचें नांव 'दर्पण' असें ठेवलें. एका स्तंभांत मराठी व शेजारच्या स्तंभांत इंग्रजी मजकूर देण्याची त्याची पद्धत होती. राज्यकर्ते आणि प्रजा यांनीं एकमेकांस पाहावें, असा हेतु त्यांत उघड दिसतो. वृत्तपत्र हा आरसा असावा, ही कल्पना तेव्हांपासून आपल्या मनांत रुजली आहे. कल्पना सुंदर खरी. पण तींत एक गोष्ट राहून जाते. आरसा खोटें बोलत नाहीं हें खरें असलें, तरी तो कोणत्या भिंतीवर, कोणाच्या उंचीला टांगावयाचा, हें टांगणारा ठरवितो. ज्याचा चेहरा त्या उंचीस पोंचत नाहीं, त्यास निर्दोष आरशांतहि आपलें तोंड दिसत नाहीं. 'दर्पण' १८४० सालीं बंद पडलें. पुढील वर्षीं भाऊ महाजन यांचा 'प्रभाकर' निघाला, आणि १८४८ पासून त्यांत लोकहितवादींचीं पत्रें येऊं लागलीं. ब्राह्मणवर्गाच्या दोषांवर इतके निष्ठुर प्रहार करणारीं हीं पत्रें लिहिणारा ब्राह्मण, छापणारा ब्राह्मण आणि वाचणारे बहुतांशीं ब्राह्मणच होते. आपल्याच वर्गास कडू वाटेल असा मजकूर छापण्याचें धैर्य मराठी पत्रकारांत पहिल्या पंधरा-सोळा वर्षांतच दिसून आलें, याची नोंद न्यायबुद्धीनें घेतली पाहिजे.

पक्षपात शिरण्याची दुसरी वाट मालकाच्या तिजोरीपाशीं उघडते. १८३८ सालीं निघालेल्या 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट हे विद्वान गृहस्थ होते. पण १८५७ च्या उठावाच्या वेळीं त्यांची लेखणी एतद्देशीयांविरुद्ध इतकी कडवट झाली कीं, पत्राच्या हिंदी भागीदारांस तें सहन होईना. धोरण बदलण्यास त्यांनीं नकार दिला, तेव्हां भागीदारांच्या सभेनंतर त्यांस दूर करण्यांत आलें व त्यांच्या जागीं रॉबर्ट नाइट आले. नाइट यांच्याच हाताखालीं १८६१ सालीं त्या पत्रास 'टाइम्स ऑफ इंडिया' हें नांव मिळालें, आणि हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांस त्यांनीं अनेकदां वाचा फोडली. या प्रकरणाचा शेवट आपणांस आवडण्यासारखा आहे. म्हणूनच तें सावधपणें वाचलें पाहिजे. बुइस्ट यांचा द्वेष निंद्यच होता. परंतु संपादकाचें मत भागीदारांच्या बैठकींत ठरावें, हा पायंडा एकदां पडला, म्हणजे जो चाबूक आज अन्यायी संपादकाच्या पाठीवर पडला, तोच उद्यां न्यायी संपादकाच्या पाठीवर पडूं शकतो. चाबूक कोणाच्या पाठीवर पडला एवढेंच पाहून आनंद मानणाऱ्यानें तो कोणाच्या हातांत आहे हें विसरूं नये.

तिसरी वाट सरकारची. मार्च १८७८ मध्यें लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा झाला. मुद्रकाकडून जामीनकी मागण्याचा व ती जप्त करण्याचा अधिकार त्यानें सरकारी अंमलदारांस दिला, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयाचा दरवाजा बंद ठेवला. इंग्रजी भाषेंतील पत्रांस मात्र हा कायदा लागू नव्हता. तीच टीका इंग्रजींत केली तर मतस्वातंत्र्य आणि मराठींत किंवा बंगालींत केली तर अपराध! कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'नें या विसंगतीवर उत्तम तोड काढली. तें पत्र तत्काळ इंग्रजींत निघूं लागलें. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या वेळीं हा कायदा रद्द झाला. सरकार जेव्हां पत्रांच्या पक्षपाताचा बंदोबस्त करावयास निघतें, तेव्हां तें पक्षपात नाहींसा करीत नाहीं. आपला पक्ष तेवढा निर्वेध करतें, हा यांतील धडा होय.

आतां ज्यास आपण खरा पक्षपात म्हणतों, त्या मतांच्या अभिनिवेशाकडे वळूं. जानेवारी १८८१ मध्यें पुण्यास 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. त्यांनीं आपला पक्ष लपविला नाहीं. पण पक्षाच्या उत्साहाचा धोका त्यांस लवकरच भोंवला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप करणाऱ्या कांहीं पत्रांवर या मंडळींनीं विश्वास ठेवला. तीं पत्रें बनावट ठरलीं. आगरकर व टिळक यांनीं क्षमायाचना केली, तरीहि १८८२ सालीं दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. छत्रपतींचा छळ होत आहे, या भावनेनें पेटलेल्या मनास पुरावा तपासण्याची निकड वाटली नाहीं, हें उघड आहे. पक्ष असणें हा दोष नव्हे. आपल्या पक्षास सोयीचा पुरावा स्वस्त वाटणें हा दोष होय. मात्र चूक कळतांच ती मान्य केली गेली, ही गोष्ट त्या तरुणांच्या पदरीं टाकली पाहिजे.

पुढें याच मित्रांत सामाजिक सुधारणेवरून फूट पडली. आगरकर १८८७ सालीं 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढल्याच वर्षीं त्यांनीं 'सुधारक' काढला. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं या दोन पत्रांचें द्वंद्व शिगेस पोंचलें. मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर न्यावी, एवढाच त्या कायद्याचा आशय होता. १८८९ सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची एक अजाण मुलगी पतीच्या बळजबरीनें मरण पावली, तेव्हांपासून त्या मागणीस जोर चढला होता. परक्या सरकारनें आमच्या चालीरीतींत हात घालूं नये, हा टिळकांचा मुख्य मुद्दा. शास्त्रार्थावर त्यांचा डॉ. भांडारकरांशीं मोठा वाद झाला. सुधारकांचें म्हणणें असें कीं, ज्या चालीपायीं मुलींचे प्राण जातात, ती मोडण्यास कायदा कोणाचा हें पाहत बसूं नये. मार्च १८९१ मध्यें कायदा झाला. त्या काळच्या पुणेकरानें दोन्ही पत्रें शेजारीं ठेवून वाचलीं असतीं, तर दोन पक्षपाती पत्रांतून त्यास एका निःपक्षपाती म्हणविणाऱ्या पत्रापेक्षां अधिक सत्य हातीं लागलें असतें. कारण एकानें झांकलेलें दुसरा उघडें करीत होता. उघड पक्षपातास उघड प्रतिपक्ष हें औषध असतें. अडचण तेथें येते, जेथें औषध देणारा दुसरा वैद्यच गांवांत नसतो.

या सर्व चर्चेंत वाचकाचा पक्षपात आपण सहसा हिशेबांत धरीत नाहीं. १८९७ सालीं प्लेगच्या बंदोबस्तांत पुण्यास झालेल्या जुलमानंतर रँडसाहेबांचा खून झाला, आणि 'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यांत आला. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस असें समजाविलें कीं, सरकारविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें. तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी ठरविलें. टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यांत ज्यूरी सात युरोपियन व दोन पारशी अशी होती, आणि मतेंहि सातविरुद्ध दोन अशींच पडलीं. शिक्षा सहा वर्षें काळ्या पाण्याची. अक्षरें तींच, पुरावा तोच, वकिलांचीं भाषणें तींच. तरी मजकुराचा अर्थ वाचणाऱ्याच्या जन्मानुसार बदलला. वृत्तपत्र पक्षपाती आहे असा निकाल देतांना, निकाल देणारा कोणत्या बाकावर बसला आहे, हें विचारण्याचा अधिकार या दोन खटल्यांनीं आपणांस दिला आहे.

येथपर्यंत जो पक्षपात पाहिला, तो बोलणारा होता. आतां अबोल पक्षपाताकडे येऊं. आमच्या मतें सर्वांत दुर्धर तोच. पुण्यामुंबईचीं थोर पत्रें राजकीय हक्कांसाठीं झगडत असतां बहुजनसमाजाचीं सुखदुःखें त्यांच्या स्तंभांत क्वचितच उतरत. म्हणून १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांस 'दीनबंधु' काढावा लागला; पुढें तो नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस चालविला व गिरणी कामगारांचें गाऱ्हाणें वेशीवर टांगलें. त्याहून खालच्या पायरीवर ढकललेल्या अस्पृश्य समाजाची कथा याहून विदारक आहे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं शाहू छत्रपतींच्या साहाय्यानें 'मूकनायक' हें पाक्षिक सुरू केलें. त्याची जाहिरात, रीतसर आकार देण्याची तयारी असतांहि, 'केसरी'नें छापण्याचें नाकारलें. अग्रलेख मागितला नव्हता, पाठिंबा मागितला नव्हता. पैसे मोजून चार ओळींची जागा मागितली होती. ज्या पत्राच्या संपादकानें लेखनस्वातंत्र्यासाठीं मंडालेचा तुरुंग भोगला, त्याच पत्रानें दुसऱ्याच्या पहिल्या शब्दास जागा नाकारावी, हा दैवदुर्विलास होय. 'केसरी'चें थोरपण यामुळें पुसलें जात नाहीं. पण त्या थोरपणाची हद्द कोठें संपत होती, हें मात्र यामुळें कळतें.

बाबासाहेबांचा न्यायीपणा पाहण्यासारखा आहे. 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकांत, मुंबई इलाख्यांतील पुष्कळशीं पत्रें विशिष्ट जातींचें हित पाहणारीं आहेत असें स्पष्ट सांगत असतांनाच, अस्पृश्यांच्या प्रश्नाची चर्चा करणाऱ्या 'दीनमित्र', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' इत्यादि पत्रांचा त्यांनीं नांवानिशीं उल्लेख केला. त्यांची तक्रार एवढीच कीं, इतर जातींच्या प्रश्नांच्या गर्दींत तेथें पुरेशी जागा मिळणें शक्य नाहीं. पक्षपाताचा आरोप करावयाचा तर तो असा, माप लावून आणि ऋण मान्य करून, करावा.

कोणी म्हणेल कीं, पत्र, मालक, सरकार आणि वाचक हे सर्वच पक्षपाती ठरले, तर खऱ्याखोट्याचा निवाडा करावयाचा कशानें? परंतु वरील इतिहासांतून असा निराशेचा सिद्धान्त निघत नाहीं. कोल्हापूरचीं पत्रें बनावट होतीं, हें कोणत्याहि पक्षाच्या माणसास मान्य करावेंच लागलें. मत पक्षाचें असूं शकतें. वृत्त खरें किंवा खोटें असतें. म्हणून पत्राची परीक्षा त्याच्या मतावरून न करतां चार गोष्टींवरून करावी. पुरावा तपासला आहे काय. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याच बळकट स्वरूपांत दिलें आहे काय. चूक झाल्यास ती तितक्याच ठळकपणें दुरुस्त केली आहे काय. आणि कोणाचें नांव या स्तंभांत कधींच येत नाहीं. पहिल्या तिहींचीं उत्तरें छापलेल्या मजकुरांत सांपडतात. चौथ्याचें उत्तर शोधण्यास मात्र कागदाबाहेर पाहावें लागतें.

आज वृत्तपत्रांच्या जोडीस दूरचित्रवाणी आणि खिशांतला फोन आले आहेत, आणि प्रत्येक पक्षास आपापला आरसा मिळाला आहे. मतांच्या कलहाचा तोटा आपणांस कधींच नव्हता, आतां तर तो उदंड झाला आहे. तरीहि गिरणी बंद पडलेल्या वस्तींतील, गांवकुसाबाहेरील किंवा पाण्यासाठीं कोसभर चालणाऱ्या वाडींतील माणूस त्या कलहांत कितपत बोलतो, हा प्रश्न 'मूकनायका'च्या नांवांतच शतकापूर्वीं विचारला गेला होता. संपादक कोणाच्या बाजूस आहे हें आपण चटकन् ओळखतों. कोणाच्या बाजूस कोणीच नाहीं, हें ओळखावयास जो वाचक शिकेल, त्यालाच वृत्तपत्राच्या पक्षपाताबद्दल बोलण्याचा पूर्ण अधिकार प्राप्त होईल.