मायना आणि शेरा

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड या गावाच्या नावापुढे कंसात जे एक अक्षर सदैव लिहिले जाते, ते म्हणजे एकाच नावाची दोन गावे दप्तरात एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फारसीच्या अमदानीतील कारकुनांनी योजलेल्या एका जुन्या उपायाचा अवशेष होय. थोरल्या गावास बुजुर्ग म्हणावे आणि धाकट्यास खुर्द, हा तो उपाय; लोकांच्या तोंडी बुजुर्गाचे बुद्रुक झाले, आणि पुढे इंग्रजी आद्याक्षरांच्या घाईत बुद्रुकाचे नुसते ‘बी’ उरले. मूळ नावाची गंमत तर याहून न्यारी आहे. हळ्ळी म्हणजे कानडीत गाव आणि खेड म्हणजे मराठीत गाव. जणू पहिल्या शब्दाने ज्याला उमगले नाही त्याच्यासाठी दुसरा शब्द लागलीच हजर ठेवावा, असे हे सीमेवरचे नाव आहे.

या कंसाकडे शेवटी परत यायचे आहे; तत्पूर्वी दुसरी एक गोष्ट. एखाद्या नवशिक्याने संगणकावर आपली पहिली स्क्रिप्ट लिहावी, ती वेब सर्व्हरवर चढवावी, ती न चालता तिच्या जागी एक अनाकलनीय ओळ उमटावी आणि मग त्याने तो प्रश्न घेऊन जाणत्याच्या दारी जावे, हा व्यवहार गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे असे सर्वसाधारणतः मानले जाते, आणि कालगणनेपुरते ते खरेही आहे. परंतु या मुलखातील कचेरीच्या इतिहासाशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे, त्याला त्या नवशिक्याची मुद्रा ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. कारण सांगायचे काय ते मनात स्पष्ट असूनही, ते ज्या साच्यात घातल्यावाचून कचेरी ऐकून घेत नाही तो साचाच ठाऊक नसल्यामुळे खोळंबून राहिलेला माणूस या भागाने कित्येक पिढ्या पाहिलेला आहे.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ साली त्याच्या राज्यात, ज्यात बिदरही मोडे, जिलाबंदी म्हणजे जिल्ह्यांची आखणी केली तेव्हा वरिष्ठ कचेऱ्यांचे लिहिणे फारसीत चाले. १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. गावचा पटवारी मात्र आपले कागद पुष्कळ ठिकाणी मोडीत राखी, शिवारात कोणी कानडी बोले तर कोणी मराठी, आणि तहसिलीत गुजरायची ती दरख्वास्त उर्दूत लिहावी लागे. १९४८ साली संस्थानाचे विलीनीकरण झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि हुमनाबाद, भालकी, औराद यांच्यासह खुद्द बिदर म्हैसूर राज्यात आले. विहिरीचा वाद तोच, बांधही तोच. पण वादी एकाच जन्मात आधी उर्दूत आणि मग कानडीत आपले म्हणणे मांडत राहिला.

वादी आणि कचेरी या दोहोंच्या मधली जागा अर्जनविसाची. कचेरीच्या आवारात झाडाच्या सावलीत सतरंजी टाकून बसणारा हा गृहस्थ सरकारी नोकर नव्हे आणि पक्षकाराचा आप्तही नव्हे. दोहोंची बोली त्याला येई, एवढीच त्याची सनद. अनुभवी अर्जनवीस पक्षकाराची कर्मकहाणी पहिल्याने ऐकत नसे. तो आधी मागचा कागद मागे आणि त्यावर साहेबांचा शेरा काय पडला आहे तो वाची. कारण ‘दाखला आढळ होत नाही’ या शेऱ्याचा इलाज निराळा आणि ‘अर्जदारास अधिकार नाही’ याचा निराळा. शेऱ्यावरून दोष ओळखण्याची ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नसे. ती उमेदवारीत मिळे, आणि उमेदवारी म्हणजे वर्षानुवर्षे बिनपगारी बसून थोरल्या कारकुनाच्या मसुद्यांच्या नकला करणे. मोडीचे वळण, मायन्यांचे प्रकार, कोणास ‘राजश्री’ लिहावे आणि कोणास ‘अजम’, हे सारे नकलेतून हातात उतरे, ‘असे का?’ विचारणाऱ्या उमेदवाराकडे कपाळाला आठी घालूनच पाहिले जाई. ज्ञान हेच ज्याचे वतन, तो ते फुकट का वाटील?

तथापि नवशिक्यासाठी लिहून ठेवावे अशी बुद्धी कोणालाच झाली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. यादवांच्या दरबारातील हेमाद्रीच्या नावावर कारकुनांसाठी ‘मेस्तक’ ही लेखननियमावली सांगितली जाते. आणि खुद्द बिदरात १४७२ साली मदरसा बांधणारा बहमनी वजीर महमूद गावान याने पत्रलेखनाच्या शास्त्रावर ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ रचला व ‘रियाझ-उल-इन्शा’ या नावाने आपल्या पत्रांचा संग्रह केला. एका ग्रंथात नियम आणि दुसऱ्यात नमुने, अशी ही जोडी होय, आणि आजचे संगणकशास्त्राचे शिक्षक याहून निराळे काही करतात असे मला वाटत नाही. त्याच बिदरच्या दरबाराशी मराठी मनाचे जे सर्वांत जिव्हाळ्याचे नाते आहे ते दामाजीपंतांच्या कथेमुळे; आणि त्या कथेचा सारा भार शेवटी एका पावतीवर आहे हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लुटवल्याबद्दल दामाजीपंतांना पकडून आणीत असता खुद्द विठ्ठल विठू महाराच्या रूपाने थैली घेऊन बादशहापुढे उभा राहतो, रक्कम मोजून देतो, आणि रसीद घेतल्यावाचून परतत नाही. देव झाला तरी कचेरीत गेल्यावर कचेरीच्या रीतीने वागला!

वेब सर्व्हर ही अशीच एक कचेरी आहे. दुरून कोणी एक कागद मागतो; सर्व्हर आपल्या दप्तरात शोधतो, किंवा एखाद्या कारकुनाकडून, म्हणजे स्क्रिप्टकडून, तो तत्काळ तयार करवून घेतो, आणि उत्तराच्या माथ्यावर तीन अंकी शेरा मारतो. २०० ही दामाजीपंतांची पावती. ४०४ म्हणजे मागितलेला कागद आढळ होत नाही. ४०३ म्हणजे कागद आहे पण तुम्हांस पाहण्याची मनाई. आणि ५०० म्हणजे कचेरीच्या आतच काही बिघडले आहे, काय ते सांगता येत नाही. नवशिक्याचा कंठ दाटतो तो या पाचशेच्या आकड्याने. वस्तुतः खरे कारण सर्व्हरने आपल्या बारनिशीत, ज्याला लॉग म्हणतात त्यात, वेळेसह टिपून ठेवलेले असते. पण बारनिशी नावाची काही चीज आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि म्हणून जाणत्याचा पहिला प्रश्न, पूर्वी जसा ‘शेरा काय आहे?’ असे, तसा आज ‘लॉगमध्ये शेवटची ओळ काय आहे?’ असा असतो.

नव्वदीच्या दशकात अशा बहुतेक स्क्रिप्ट पर्ल भाषेत लिहिल्या जात, आणि त्यांतले अपघात इतके ठराविक होते की त्यांची रोगलक्षणे वैद्याच्या पोथीसारखी मुखोद्गत व्हावीत. पहिल्या ओळीत या लिखाणाचा वाचक कोण, म्हणजे पर्लचे ठिकाण कोणते, ते बिनचूक हवे. हा मायना चुकला की पुढचे सारे व्यर्थ. उत्तर धाडताना आधी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ हवी, मग एक ओळ कोरी सोडावी, आणि मगच मजकूर सुरू करावा. कोरी ओळ विसरली की पाचशे. अधिकाराचा प्रश्न तर थेट वतनदारीचा. प्रत्येक फाइलीवर मालक, त्याची भाऊबंदकी आणि इतर जन अशा तिघांचे वाचणे, लिहिणे व चालवणे यांचे हक्क तीन आकड्यांत नोंदलेले असतात. स्क्रिप्टला ७५५ पुरे असताना त्रासलेला नवशिका ७७७ लावून मोकळा होतो, म्हणजे सातबाऱ्यावर साऱ्या जगाचे नाव चढवतो, आणि काम झाले या आनंदात झोपी जातो.

परंतु सर्वांत दुष्ट अपघात अदृश्य चिन्हांचा. जुन्या टंकयंत्रात ओळ संपली की गाडी उजवीकडे ढकलावी लागे आणि कागद एक घर वर सरकवावा लागे. विंडोजने या दोन्ही क्रियांच्या खुणा ओळीच्या अंती राखल्या, युनिक्सने एकीवर भागवले. घरच्या विंडोज यंत्रावर लिहिलेली स्क्रिप्ट युनिक्स सर्व्हरवर जशीच्या तशी चढवली की पहिल्या ओळीच्या शेवटी ती न दिसणारी खूण चिकटून राहते, सर्व्हर तिला नावाचाच भाग समजतो, आणि डोळ्यांसमोर धडधडीत असलेल्या पर्लविषयी ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा शेरा मारतो. मराठी लिहिणाराच्या वाट्याला याहून एक अधिक भोग आला. देवनागरीसाठी फाइल यूटीएफ-८ म्हणून नोटपॅडमध्ये जतन केली की आरंभी तीन अदृश्य बाइट गुपचूप घातले जात. पीएचपी ही स्क्रिप्टांची दुसरी भाषा ते प्रथम बाहेर सोडी, आणि मग मायना लिहू जाता ‘मायना केव्हाच रवाना झाला’ अशी तक्रार करी. मजकूर मायएसक्यूएलच्या कोठारात ठेवला तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. कारण ते कोठार स्वीडनमध्ये जन्मलेले, आणि २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळची अक्षरव्यवस्था लॅटिन असून अनुक्रम स्वीडिश वर्णमालेचा होता. ज्ञानेश्वरांची भाषा स्वीडिश अनुक्रमाने लावली जात होती, हे त्या बिचाऱ्या नवशिक्याला कोण सांगणार?

सांगणारे मात्र होते, आणि येथे जुन्या कचेरीशी असलेले साम्य संपते. अमेरिकेतील एका विद्यापीठीय संस्थेत रॉब मॅकूलने लिहिलेला सर्व्हर त्याने १९९४ साली संस्था सोडल्यावर पोरका झाला. तो वापरणाऱ्या आठ जणांनी १९९५ च्या आरंभी आपापल्या दुरुस्त्यांची ठिगळे एकत्र करून त्याची जी वाकळ शिवली, ती अपाची या नावाने प्रसिद्ध झाली आणि वर्षभरात जगातील सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांस मोफत दिली, आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. ज्यांना विद्या अवगत होती त्यांनी ती वतन म्हणून दाबून ठेवली नाही, ही गोष्ट आमच्या कारकुनी परंपरेत वाढलेल्या मनाला आजही थोडी अद्भुत वाटते. अर्थात जाणत्याचा तोरा त्यांच्यातही होताच. प्रश्न विचारण्याची रीत कोणती यावर एरिक रेमंड या त्यांच्यातल्याच एकाने २००१ साली जो प्रदीर्घ निबंध लिहिला, त्यातील उपदेश सोन्यासारखा असला तरी स्वर ऐकून थोरल्या कारकुनाच्या कपाळावरची ती आठी आठवल्यावाचून राहत नाही. आणि परभाषेचा शेरा याही कचेरीला चुकला नाही. पीएचपीची नवी घडण झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या दोन इस्रायली विद्यार्थ्यांच्या हातून झाली, आणि त्यांनी दोन जोड विसर्गचिन्हांसारख्या एका खुणेला हिब्रू नाव दिले; परिणामी पुढे कित्येक वर्षे जगभरच्या नवशिक्यांच्या पडद्यावर ‘पामायिम नेकुदोतायिम’ अपेक्षित नव्हते असा शेरा उमटत राहिला. फारसी ‘मजकूर’ आणि ‘मिनजुमला’ पाहून आमचा कुणबी जसा गांगरे, तसेच ते झाले.

फुकट मिळालेल्या विद्येलाही जोखीम असते. तयार स्क्रिप्टांच्या त्या काळच्या एका लोकप्रिय संग्रहातून ‘फॉर्ममेल’ नावाची स्क्रिप्ट हजारो नवशिक्यांनी न वाचता जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि तिच्यातील ढिलाईमुळे भलत्यांनीच तिच्या तोंडून भलत्यांना पत्रे धाडली. बिदरकरांना हा प्रकार नवा नाही. महमूद गावानच्या शिक्का बाळगणाऱ्या नोकराकडून शत्रूंनी एका कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली, त्या कागदावर ओरिसाच्या राजास उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी पत्रलेखनाच्या त्या आचार्याचा सुलतानाने शिरच्छेद करविला. मोहोर अस्सल, मजकूर बनावट.

हळ्ळीखेडसारख्या गावात आज सर्व्हर हा शब्द कोणास समजावून द्यावा लागत नाही. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी जमीनदाखले संगणकावर चढवून २००१ च्या सुमारास हातच्या पहाणीपत्रकाचा अंमल संपवला, गावोगावच्या सुमारे ९,००० हिशेबनिसांच्या रुमालांतील सत्ता तालुक्याच्या खिडकीवर आणली, आणि १५ रुपयांत छापील नक्कल मिळू लागली. तेव्हापासून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही बोलींत एकाच उच्चाराने रूढ आहे. झाडाखालची सतरंजी गेली. तिच्या जागी झेरॉक्सचे यंत्र, अंगठा घेणारे उपकरण आणि एक तरुण अशी ऑनलाइनची दुकाने आली. जुन्या मोडीलाही २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे पटवाऱ्याचे अक्षर सर्व्हरला ओळखता येण्याची तजवीज झाली.

अशा दुकानातील एखाद्या होतकरू मुलाने गावांच्या यादीतून आपल्या गावाची ओळ शोधून देणारी स्क्रिप्ट लिहावयास घेतली, तर त्याच्यापुढे पहिलीच अडचण कोणती येईल हे आधीच सांगून ठेवता येईल. शोधाच्या नमुन्यात कंस हे अक्षर मानले जात नाही, गट बांधण्याची खूण मानली जाते. त्यामुळे ‘हळ्ळीखेड (बी)’ असा नमुना दिला असता स्क्रिप्ट कंस नसलेले ‘हळ्ळीखेड बी’ शोधीत साऱ्या यादीभर हिंडेल, आणि कंसासह लिहिलेल्या खऱ्या गावाला ओलांडून रित्या हाताने परत येईल. दोन्ही कंसांच्या आधी एकेक उलटी तिरकी रेघ द्यावी.