जकातीच्या भिंतीआडचे नगर : विंडसर

कॅनडा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तरेस वसला आहे, ही सर्वसाधारण समजूत डिट्रॉइट नदीच्या काठी खोटी ठरते. ऑन्टॅरिओ प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाशी या नदीला असे वळण आहे की, तिच्या उत्तर तीरावर अमेरिकेचे डिट्रॉइट व दक्षिण तीरावर कॅनडाचे विंडसर अशी स्थिती निर्माण झाली आहे. मधले पात्र सुमारे अर्धा मैल रुंद. समोरच्या महानगराच्या मानाने विंडसर लहान असून २०२१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या २,२९,६६० इतकी भरली. यामुळे त्याला डिट्रॉइटचे परराष्ट्रातील उपनगर मानण्याची प्रवृत्ती दिसते. ती वरवरची आहे. उपनगर हे मुख्य नगराच्या सान्निध्यावर जगते. विंडसर जगत आले ते दोन तीरांवरील कायद्यांच्या तफावतीवर. ही तफावत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा या नगराचे दैव फिरले, आणि ती बदलण्याचा अधिकार मात्र नगरवासीयांच्या हाती कधीच नव्हता.

मुळात ही दोन गावे नव्हतीच. १७०१ मध्ये कॅडिलॅक याने उत्तर तीरावर फ्रेंच ठाणे वसविले आणि १७४९ पासून फ्रेंच शेतकरी दक्षिण तीरावर स्थायिक होऊ लागले. माँट्रिऑलच्या पश्चिमेस कॅनडात अखंड नांदत आलेली युरोपीय वस्ती हीच सर्वांत जुनी समजली जाते. प्रत्येकास नदीचे पाणी व धक्का लाभावा म्हणून शेतांचे पट्टे अरुंद व नदीपासून आत लांबवर गेलेले असे आखले गेले. आजच्या विंडसरचे अनेक रस्ते याच पट्ट्यांच्या बांधांना अनुसरून नदीकडे सरळ उतरतात व वेलेट, पेलिसिए यांसारखी फ्रेंच घराण्यांची नावे मिरवितात. १७६० मध्ये डिट्रॉइट इंग्रजांकडे गेले, तरी दोन्ही तीरांचा समाज एकच राहिला. १७८३ च्या तहाने नदी ही सीमा ठरली खरी. परंतु इंग्रजांनी डिट्रॉइट प्रत्यक्ष सोडले ते १७९६ मध्ये. त्यानंतर ब्रिटिश राजसत्तेखाली राहू इच्छिणाऱ्यांसाठी दक्षिण तीरावर सँडविच हे गाव आखण्यात आले. नदी तीच, नातीगोती तीच. मध्ये कायदा तेवढा उभा राहिला.

या कायद्याच्या रेषेचा पहिला मोठा परिणाम व्यापारावर झाला नाही, तो माणसांच्या स्वातंत्र्यावर झाला. येथे एक गोष्ट सहसा विस्मृतीत जाते. अप्पर कॅनडाच्या १७९३ च्या कायद्याने नवे गुलाम आणण्यास बंदी केली, परंतु आधीपासून असलेल्या गुलामांना मुक्त केले नाही. उलट समोरच्या मिशिगनमध्ये १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अधिनियमाने गुलामगिरीस मनाई होती. त्यामुळे सुरुवातीस पलायनाचा ओघ काही अंशी कॅनडाकडून अमेरिकेकडेही वाहत होता. १८०७ मध्ये सँडविचच्या एका मालकाचे दोन गुलाम डिट्रॉइटला पळून गेले असता तेथील न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्ड यांनी त्यांना परत करण्यास नकार दिला. पुढे १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी नष्ट झाली, १८५० मध्ये अमेरिकेने फरारी गुलामांविषयीचा कठोर कायदा केला, आणि ओघाची दिशा पूर्णपणे पालटली. दक्षिणेकडील संस्थानांतून निघालेल्या कित्येकांचा शेवटचा टप्पा म्हणजे रात्रीच्या अंधारात ओलांडलेली ही नदी. हेन्री व मेरी बिब या दांपत्याने १८५१ मध्ये सँडविच येथून फरारी गुलामांचा आवाज मांडणारे नियतकालिक काढले. त्याच वर्षी मेरी ॲन शॅड या विदुषीने विंडसरमध्ये शाळा उघडली. कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असाव्यात की नसाव्यात, यावरून बिब दांपत्य व शॅड यांच्यात कडाक्याचा वाद झाला. नदी ओलांडल्याने बेडी तुटे, तिरस्कार मात्र मागोमाग येई, हे त्या वादावरून स्पष्ट होते.

१८५४ मध्ये लोहमार्ग विंडसरला येऊन पोहोचला आणि न्यायालयाचे गाव असलेले सँडविच मागे पडले. त्यानंतर चारच वर्षांनी डिट्रॉइटचे धान्यव्यापारी हायरम वॉकर यांनी पलीकडच्या तीरावर जमीन घेऊन मद्याचा कारखाना उभारला. कारखान्याभोवती त्यांनी वॉकरव्हिल नावाचे गावच वसविले. मालक डिट्रॉइटला राहत असे आणि उत्पादन कॅनडात होई. या नगराच्या पुढील अर्थकारणाचा साचा येथेच तयार झाला.

१८७९ मध्ये कॅनडाने ‘राष्ट्रीय धोरण’ या नावाने परदेशी मालावर जबर आयातकर बसविला. सीमेपलीकडून तयार माल आणण्यापेक्षा सीमेच्या आत कारखाना घालणे आता अमेरिकी भांडवलदारास किफायतशीर ठरले, आणि त्यासाठी डिट्रॉइटच्या समोरच्या काठाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. १९०४ मध्ये गॉर्डन मॅकग्रेगर यांनी वॉकरव्हिलमधील आपल्या घोडागाड्यांच्या कारखान्यात कॅनडाच्या फोर्ड कंपनीचा आरंभ केला. पेटंटांचे हक्क व तांत्रिक साहाय्य यांच्या मोबदल्यात डिट्रॉइटच्या भागधारकांना ५१ टक्के भाग मिळाले; कॅनडाच्या कंपनीस मिळाली ती ग्रेट ब्रिटन व आयर्लंड वगळून ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ. भारताचा या नगराशी संबंध येतो तो याच वाटेने. १९२६ मध्ये भारतात स्थापन झालेली फोर्ड कंपनी ही डिट्रॉइटची नसून कॅनडाच्या कंपनीची उपकंपनी होती. ज्या मोटारीला येथील जनता ‘अमेरिकन गाडी’ म्हणे, तिचा व्यवहार विंडसरच्या काठावरून चाले. साम्राज्यांतर्गत सवलतीच्या जकातीचा लाभ घेण्याची ती युक्ती होती.

दारूबंदीचा काळ तर रंजक कथांनी इतका वेढला गेला आहे की त्यातील कायद्याची गंमत बाजूला राहते. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशव्यापी मद्यबंदी होती. ऑन्टॅरिओतही १९१६ पासून १९२७ पर्यंत मद्यविक्रीस बंदी होती. परंतु मद्य तयार करून परदेशी पाठविणे मात्र कॅनडात कायदेशीर होते. तेव्हा लहानसा मचवा क्यूबास निघाल्याचे कागद रंगवून धक्का सोडी आणि त्याच दिवशी रिकामा परत येई. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरून मोटारी जात. जकात-अधिकाऱ्यास गणित येत नव्हते असे नव्हे. कागद नियमानुसार असल्यावर त्याने करावे तरी काय?

याच दशकात दुसरी एक वाहतूक रोज चाले, तिच्याविषयी मात्र कथा फारशा नाहीत. सहस्रावधी विंडसरवासी सकाळी फेरीबोटीने डिट्रॉइटच्या कारखान्यांत कामास जात व सायंकाळी परत येत. १९२७ मध्ये अमेरिकेने या रोजच्या ये-जा करणाऱ्यांनाही स्थलांतरितांप्रमाणे परवाना आवश्यक केला, आणि कित्येक कुटुंबांचे जगणे एका हुकमाने अनिश्चित झाले. लगेच पुढे नोव्हेंबर १९२९ मध्ये खाजगी मालकीचा अँबॅसडर पूल व नोव्हेंबर १९३० मध्ये नदीखालील मोटारींचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. मार्ग रुंद झाला तेव्हा महामंदीने जाण्याचे प्रयोजनच हिरावले होते. कर्जबाजारी झालेली विंडसर, ईस्ट विंडसर, वॉकरव्हिल व सँडविच ही चार शेजारी नगरे १९३५ मध्ये, वॉकरव्हिलचा विरोध न जुमानता, एकत्र करण्यात आली.

कारखान्यातील मजुराने या नगराच्या इतिहासात आपली मुद्रा उमटविली ती १९४५ मध्ये. युद्ध संपताच फोर्डच्या सुमारे ११,००० कामगारांनी १२ सप्टेंबर रोजी संप पुकारला. तो ९९ दिवस चालला. नोव्हेंबरमध्ये कामगारांनी मोटारी आडव्या लावून कारखान्याभोवतीचे रस्ते अडविले. मोटारी बनविणाऱ्यांनी मोटारींचीच तटबंदी उभारावी, याहून बोलके दृश्य त्या नगरात क्वचितच दिसले असेल. लवाद म्हणून नेमलेले न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी जानेवारी १९४६ मध्ये असा निवाडा दिला की, कोणासही संघाचे सभासद होण्याची सक्ती नको, परंतु संघाने मिळविलेले लाभ सर्वांनाच मिळतात म्हणून वर्गणी सर्वांच्या वेतनातून कापली जावी. ‘रँड सूत्र’ या नावाने हा निवाडा कॅनडाच्या औद्योगिक कायद्याचा आधारस्तंभ बनला. तथापि १९५३ मध्ये फोर्डने मोटारजोडणीचे काम टोरोंटोजवळील ओकव्हिल येथे हलविले. विंडसरमध्ये इंजिनांचे कारखाने राहिले.

१९६५ च्या मोटारउद्योगविषयक कराराने दोन देशांतील या मालावरील जकात जवळजवळ उठविली. तर्कशास्त्रानुसार, जकातीमुळे जन्मलेले नगर जकात जाताच ओस पडावयास हवे होते. तसे घडले नाही, कारण कॅनडातील उत्पादनाचे किमान प्रमाण राखण्याची अट करारात होती. विंडसर आता कॅनडापुरत्या मोटारी न बनविता सबंध खंडासाठी बनवू लागले. क्रायस्लरच्या विंडसर कारखान्यातून १९८३ पासून निघालेली मिनीव्हॅन हे त्याचे ठळक उदाहरण होय. एकेक सुटा भाग अनेकदा पूल ओलांडू लागला व साठा करून ठेवण्याची पद्धत मागे पडली; परिणामी सप्टेंबर २००१ मध्ये तपासणी कडक होताच मालमोटारींच्या मैलोगणती रांगा लागल्या.

दैनंदिन जीवनातही तफावतीचा हिशेब चालतोच. मद्यपानाची वयोमर्यादा ऑन्टॅरिओत १९ व मिशिगनमध्ये २१ वर्षे असल्याने डिट्रॉइटचे तरुण शनिवारी रात्री अलीकडे येतात. ऑन्टॅरिओतील पहिले कॅसिनो १९९४ मध्ये विंडसरमध्ये निघाले. १९९९ मध्ये डिट्रॉइटनेही परवाने दिले आणि ती मक्तेदारी पाच वर्षांत संपली. उलट दिशेने विंडसरच्या परिचारिका डिट्रॉइटच्या रुग्णालयांत रोज कामास जातात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सीमा बंद झाली, तेव्हाही त्यांना वाट मोकळी ठेवावी लागली. मात्र नदीपलीकडच्या आप्तांना भेटण्यास इतरांना मज्जाव झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी अँबॅसडर पुलाची वाट आठवडाभर रोखली आणि दोन्ही देशांतील मोटारकारखाने अडखळले. सँडविचनजीक २०१८ मध्ये सुरू झालेल्या गॉर्डी हाउ पुलाची दोन टोके जून २०२४ मध्ये नदीच्या मध्यावर जुळली.

तो जुळल्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के कर लादला. विंडसरचा जोडणीचा कारखाना दोन आठवडे बंद ठेवण्यात आला. १८७९ ची भिंत कॅनडाने बांधली होती आणि तिच्या आत कॅनडाची बाजारपेठ होती. २०२५ ची भिंत पलीकडच्या तीराने बांधली, आणि विंडसरच्या मोटारींचे बहुसंख्य ग्राहक तिच्या पलीकडे राहिले.