शिवीतलं गाव

सांगलीकडे कोणी विचित्र वागलं की आम्ही त्याला रत्नागिरीला धाडायचो. पुणेकर येरवड्याला धाडत, मुंबईकर ठाण्याला. (ठाणेकरांनी या बाबतीत फार सोसलंय.) लग्न होऊन १९८६ मध्ये बंगळूरला आले, तर इथली शिवी आठवड्याभरात कळली. भाजीवाली पोराला दटावत होती, निम्हान्सला नेऊन टाकीन म्हणून. जुनी माणसं या मानसिक आजारांच्या इस्पितळाला सरळ 'हुच्चास्पत्रे' म्हणायची, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ.

त्या दारात मी पहिल्यांदा गेले ती २०१९ मध्ये, भाच्याला घेऊन. एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला इथे आलेला. रविवारी जेवायला यायचा तो येईनासा झाला. मी डबा धाडायचे, तो जसाच्या तसा परत यायचा; एकदा तर पोळीवरचं तूप थिजून फडक्याला चिकटलेलं. महिनाभर झोप नव्हती त्याला. निम्हान्सची चौकशी त्यानं स्वतःच केली होती. फोनवर बहीण रडकुंडीला आली. "ताई, तिथं नको गं. उद्या लग्नाच्या वेळी कोणी काढलं तर?" पोराला दोन घास जात नव्हते आणि ही बोहल्यापर्यंत पोचली होती.

रांगेत वेळ भरपूर. तिथं बसून जे कुतूहल जागं झालं, ते पुढं वाचून भागवलं. १८४७च्या सुमारास मैसूर कमिशनचे सर्जन चार्ल्स अर्विंग स्मिथ यांच्या पुढाकारानं हे असायलम जुन्या पेठेत सुरू झालं. १९२५ मध्ये 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं. १९३०च्या दशकात ते होसूर रोडला, तेव्हाच्या गावाबाहेर गेलं. आता एका अंगाला जयनगर, दुसऱ्या अंगाला कोरमंगला. गावच वाढत वाढत त्याच्या भिंतीला टेकलं. १९५४ मध्ये शेजारी ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ उभी राहिली, एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. इस्पितळ ठेवण्याची जागा होतं, ते आता डॉक्टर घडवण्याचीही जागा झालं. १९७४ मध्ये दोन्ही एक झाली, ते आजचं निम्हान्स. पाटी इतक्यांदा बदलली. लोकांच्या तोंडातली मात्र एकदाही नाही.

या शिवीची किंमत पोरं मोजतात. मनाचे बहुतेक गंभीर आजार पंचविशीच्या आतच डोकं वर काढतात, आणि नेमक्या त्याच वयात घरचे 'वय आहे, जाईल' म्हणून थांबतात. निम्हान्सनंच २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला, महानगरांत १३.५ टक्के. म्हणजे तिथल्या साठ मुलांच्या वर्गात आठेक जण. मोबाइल आणि गेममध्ये अडकलेल्यांसाठी इथे २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे.

त्या दिवशी रांगेत मला वेडे दिसले नाहीत. पाठीवर सॅक घेतलेली कॉलेजची मुलं दिसली, काही तर एकटीच आलेली. भाचा शेजारी बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत होता. पूर्ण निघालं तेव्हा घडी घालून त्यानं ते खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस." घाबरले होते, हे त्याला कळलं होतं.

औषधं वर्षभर चालली, बोलणं त्याहून जास्त. एक सेमिस्टर गेलं. आता नोकरीला आहे, आणि रविवारी पुरणपोळी असली तर न सांगता येतो.

२०२२च्या १० ऑक्टोबरला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. तिचं देशभराचं मुख्य केंद्र निम्हान्समध्येच आहे. गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा बहिणीच्या फोनमध्ये तो नंबर मीच घालून दिला. तुम्हीही घाला: १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलतात.