पालेभाज्या : पाकरीती आणि आवडनिवड (नागपूर व परिसर)

हिरव्या भाज्यांची आवड किंवा नावड त्यांच्या मूळ चवीइतकीच त्या शिजवण्याच्या रीतीवर ठरते. पाला निवडणे, चिरणे, उकडणे, उकडलेले पाणी ठेवणे किंवा टाकून देणे, डाळ वा पीठ लावणे, आंबट घालणे आणि फोडणी देणे या प्रत्येक टप्प्यावर पानातील कडू, तुरट, आंबट व उग्र घटक कमीजास्त होतात. रंग, वास आणि जिभेला जाणवणारा पोतही बदलतो. एकाच घरात एखाद्याला अळूची पातळ भाजी नको असते, पण त्याच पानांच्या वड्या तो मागून घेतो. अशा वेळी त्याची नावड पानाबद्दल नसून एका विशिष्ट रीतीबद्दल असते.

नागपूर व आसपासच्या विदर्भात या विषयाची उदाहरणे भरपूर आढळतात, कारण येथे ऋतूगणिक भाज्या बदलतात आणि प्रत्येकीचा दोष वेगळा असतो. पावसाच्या आरंभी तरोटा (टाकळा) उगवतो. पावसाळ्यात अंबाडी व धोपा (अळू) असतो. हिवाळ्यात पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) आणि हरभरा व करडई यांचा कोवळा पाला येतो. उन्हाळ्यात चिवळ व घोळ मिळते.

रंग व वास : पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. शिजताना पेशी फुटून त्यांतील आम्ले मोकळी होतात, हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. झाकण ठेवून बराच वेळ शिजवल्यास हा बदल अधिक होतो; उघड्या भांड्यात, मोठ्या आचेवर थोडा वेळ परतल्यास रंग टिकतो. सोडा घातल्यानेही भाजी हिरवी राहते, परंतु पाने गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्व व थायामिन यांचा नाश होतो. कच्च्या पाल्याचा गवतासारखा वास तेलात परतल्यावर मंदावतो. पत्ताकोबीचे उलट आहे : ती जितकी जास्त उकडावी तितकी गंधकयुक्त संयुगे वाढतात व घरभर उग्र वास पसरतो. पत्ताकोबी न आवडणाऱ्या अनेकांची तक्रार मुळात या वासाबद्दल असते. हळद-मिरचीच्या फोडणीत ती थोडा वेळ परतली तर वास येत नाही आणि गोडसर चव राहते.

कडवटपणा : कडू चव सर्वांना सारखी लागत नाही. आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखवून दिले, की फेनिलथायोकार्बामाइड हे रसायन काहींना अतिशय कडू लागते, तर काहींना त्याची चवच कळत नाही. या भेदामागील टास२आर३८ हे जनुक २००३ मध्ये ओळखले गेले. मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला व पत्ताकोबी यांच्या कडवटपणाची जाणीव काही अंशी या जनुकाशी निगडित आहे. मात्र जन्मजात फरकावरही पाकरीतीने बरीच मात करता येते. मीठ हे त्यातील सर्वांत सोपे साधन. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पिळल्यास कडू रस निघतो. शिवाय उरलेले मीठ जिभेवरील कडवटपणाची जाणीवही दाबते. मिठामुळे कडू चव दबून इतर चवी वर येतात, हे १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. चिंच-गुळाची जोड हेच काम वेगळ्या मार्गाने करते. मेथीचा कडसरपणा तुरीच्या डाळीत किंवा पेरलेल्या बेसनात सौम्य होतो. कोवळी मेथी मात्र कच्चीही खाल्ली जाते : चिरलेला पाला, कांदा, तिखट, मीठ व कच्चे तेल एकत्र करून केलेला घोळाणा भाकरीबरोबर आवडीने खातात. तरोट्याला उग्र वास असल्याने तो उकडून, पिळून, मग कांदा-लसणावर परततात.

आंबटपणा व खाज : पालक, चुका, घोळ व अळू यांत ऑक्झॅलिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात ते यामुळेच. ताक व बेसन लावून केलेल्या पालकात ताकातील कॅल्शियम या आम्लाशी संयोग पावते व खरखर कमी होते. धोप्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि अर्धवट शिजलेले पान घशाला खाजते. म्हणून पानांना चिंच, गूळ व तिखट घातलेले बेसन लावून गुंडाळ्या वाफवतात, मग वड्या कापून तळतात. दोनदा शिजवल्याने खाज जाते आणि बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ असा पोत येतो.

अंबाडीचा आंबटपणा काढून टाकला जात नाही, त्याला आधार दिला जातो. पाला उकडून ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ व तूरडाळीबरोबर घोटतात आणि वाढताना वरून लसणाची गरम फोडणी घालतात. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. तिची चव सर्वांना हवी असते, म्हणून हा पाला वाळवून उन्हाळ्यासाठीही ठेवतात.

पोत : मऊ, चिकट किंवा तंतुमय पोत हे विशेषतः मुलांच्या नावडीचे मोठे कारण असते. भेंडीतील चिकट द्रव्य पाण्यात पसरते. त्यामुळे भेंडी धुऊन, पुसून मगच चिरतात, झाकण न ठेवता परततात आणि आमचूर, ताक किंवा लिंबाचे आंबट घालतात. चिवळीची पाने बारीक व रसाळ असतात. तिला बेसन पेरून सुकी करतात किंवा तिचे वडे तळतात. सांभारवडीत कोथिंबीर वरून भुरभुरण्याची वस्तू राहत नाही : खसखस, सुके खोबरे व तिखट यांसह जुडीच्या जुड्या बेसनाच्या पारीत भरून तळल्या जातात आणि कढीबरोबर वाढल्या जातात.

डाळभाजी : नागपुरी लग्नाच्या पंगतीतील डाळभाजी हे पाकरीतीने पालेभाजी लोकप्रिय केल्याचे ठळक उदाहरण आहे. पालक, त्याच्या जोडीला आंबट चुका किंवा चिंच, तुरीची वा हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवून घोटतात व लसूण-लाल मिरचीची फोडणी देतात. पाला डाळीत मिसळल्याने लगदा झाल्याचा दोष उरत नाही आणि शेंगदाण्याने दाताखाली काहीतरी येते. हिरवा रंग टिकवण्याची या पदार्थात अपेक्षाच नसते, त्यामुळे तो मोठ्या गंजात तासन्‌तास गरम राहिला तरी बिघडत नाही. शेकडो माणसांच्या जेवणात परतलेली पालेभाजी टिकत नाही, डाळभाजी टिकते.

सवय : आवड घडण्यात वारंवार चाखण्याचा वाटा मोठा आहे. परिचयाने पसंती वाढते हे रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये मांडले. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलांना तो बरेचदा आठ-दहा किंवा अधिक वेळा चाखावा लागतो, असे पुढील अभ्यासांतून दिसले. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगानुसार, गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतलेला असल्यास बाळ ती चव अधिक सहज स्वीकारते. भरपूर ऊर्जा देणाऱ्या पदार्थाबरोबर आलेली चव लवकर रुचते. डाळ, बेसन, शेंगदाणे व तेल यांच्या संगतीत पालेभाजी वाढण्याच्या प्रथेला यामुळे दुहेरी अर्थ आहे : त्या संगतीत भाजी आज चवदार लागते आणि पुढच्या वेळेसाठी तिची गोडीही लागते.

पोषण : चवीसाठी केलेले काही उपाय पोषणालाही पूरक असतात. तेलामुळे पानातील कॅरोटीन शोषले जाते. शिजल्यावर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वाने वनस्पतिजन्य लोह अधिक मिळते. काही उपायांची किंमत मात्र मोजावी लागते. उकडलेले पाणी टाकल्यास ऑक्झॅलेट व उग्रपणा जातो, तसेच फोलेट व क जीवनसत्त्वही जाते. म्हणून पाणी टाकणे तरोट्यासारख्या उग्र भाज्यांपुरते ठेवणे आणि मेथी व करडई अंगच्याच पाण्यात शिजवणे इष्ट ठरते.

सद्यःस्थिती : पालक, मेथी व पत्ताकोबी बाजारात जवळपास वर्षभर मिळतात, तरोटा, चिवळ व घोळ यांची ओळख शहरी घरांत कमी होत आहे. राज्याचा कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तेथे कच्च्या पाल्याबरोबर शिजवलेले पदार्थही मांडले जातात आणि कृती सांगितली जाते. हे आवश्यकच आहे, कारण शिजवण्याची रीत माहीत नसलेली भाजी घरी नेली तरी कडू, उग्र किंवा खाजरी निघते आणि पुन्हा घेतली जात नाही. पालेभाज्यांचा प्रसार करताना बियाणे व पुरवठा यांच्या जोडीने प्रत्येक भाजीची योग्य पाकरीत पोहोचवणे म्हणूनच गरजेचे ठरते.