खहर ते आडवा आठ

आठाचा आकडा आडवा पाडला की ‘अनंत’ होतो, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. हे चिन्ह गणितात आलं १६५५ साली. त्यामागची कल्पना मात्र कितीतरी जुनी, आणि संस्कृत गणितात तिला एक नेमकं नाव होतं: खहर.

‘ख’ म्हणजे आकाश, आणि म्हणून शून्य. ‘हर’ म्हणजे छेद. ज्या राशीच्या छेदस्थानी शून्य आहे, ती खहर. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली शून्याच्या गणिताचे नियम मांडले, पण एखाद्या संख्येला शून्याने भागायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो अपूर्णांक तसाच ठेवला. भास्कराचार्य पुढे गेले. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या बीजगणितात त्यांनी तीनला शून्याने भागलं, उत्तर अनंत राशी आहे असं सांगितलं आणि तिचा स्वभावही वर्णिला. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही वजा करा, ती बदलत नाही. दृष्टान्त अच्युताचा दिला: प्रलयात असंख्य जीव त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तो आहे तसाच राहतो. कोरड्या नियमाला इतकी सुंदर जोड क्वचितच मिळते.

त्यांचा एक नियम मात्र टिकला नाही. शून्याने गुणलेल्या संख्येला शून्यानेच भागलं तर मूळ संख्या परत मिळते, असं ‘लीलावती’त आहे. पण तीनला शून्याने गुणलं काय आणि पाचला गुणलं काय, हाती शून्यच येतं. मग त्या शून्यातून परत काय काढायचं, तीन की पाच?

आडव्या आठाचे जनक जॉन वॉलिस. इंग्लंडच्या यादवी युद्धात ते संसदेच्या बाजूने गुप्त लिपीतली पत्रं उलगडत, पुढे ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक झाले. शंकुच्छेदांवरच्या पुस्तकात त्यांनी क्षेत्राचे अगणित अतिबारीक पट्टे कल्पिले आणि प्रत्येकाची उंची ‘एक भागिले अनंत’ धरली. त्यासाठी त्यांनी ∞ हे चिन्ह योजलं, तेही जाता जाता, कारण न सांगता. रोमन लिपीत हजारासाठी वापरली जाणारी एक खूण अशीच दिसे, म्हणून काहींना मूळ तिथे वाटतं. काहींना ते ग्रीक वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षरात, ओमेगात दिसतं.

दोन शतकांनी हे चिन्ह अपुरं पडलं. १८७४ साली गेओर्ग कॅंटर यांनी सिद्ध केलं की रेषेवरचे सगळे बिंदू १, २, ३ अशा क्रमाने मोजून संपवता येत नाहीत. म्हणजे अनंतातही लहानमोठं असतं! ∞ हे तर नुसत्या वाढत जाण्याची खूण होतं. म्हणून १८८३ साली त्यांनी आपल्या अनंत क्रमसंख्यांसाठी ते सोडून ओमेगा घेतला, आणि पुढे अनंत संचांच्या आकारासाठी हिब्रू वर्णमालेतलं पहिलं अक्षर, आलेफ.

तरी खहर मागे पडला नाही. दशांश संख्या संगणकाने कशा हाताळाव्यात याचं एक मानक १९८५ साली ठरलं. आजचे बहुतेक संगणक त्याला धरून चालतात. त्यानुसार तीनला शून्याने भागलं की उत्तर येतं अनंत. त्यात पाच मिळवले तरी अनंतच. पण तीनला आधी शून्याने गुणून मग शून्याने भागलं, तर संगणक कळवतो की ही संख्याच नाही.